न वाजणारा डबा

शारदाकाकूंच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, साड्यांच्या गठ्ठ्यामागे एकोणीस डब्या आहेत. एक दुसरीसारखी नाही. तपकिरीची, बामाची, होमिओपॅथीच्या गोळ्यांची, कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लॅस्टिकची, मुलामा उडालेली कुंकवाची, शिलाई मशीनच्या सुयांची. भंगारवाल्यानंही ढुंकून पाहिलं नसतं. पण एखादी हातून निसटून फरशीवर पडली तर काकूंच्या काळजाचा ठोका चुकतो.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की काकू खाटेवर बसतात, डोळे मिटतात, आणि हाताला येईल ती डबी उचलून कानाशी हलवतात. खट् खट् असा जाड, आळशी आवाज आला की म्हणतात, "शर्मिष्ठा." बारीक, घाईघाईचा आला की, "रीना." झाकण उघडून पाहायचं कामच नाही. इतक्या वर्षांत एकदाही चूक झालेली नाही, आणि झाली असती तरी सांगणार कोणाला म्हणा! घरात त्या एकट्याच.

कोणी म्हणेल, म्हातारी एकटी राहून राहून सरकली. छे! काकूंचं डोकं शाबूत आहे, तुमच्याआमच्यापेक्षा जास्तच. दुधाच्या पिशव्या कोणत्या दिवशी किती आल्या ते त्यांना पाठ. त्यांच्या मोहल्ल्यातल्या, म्हणजे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या, कोणत्या घरात कोणती तिथ पाळतात तेही पाठ. या डब्यांची गोष्ट निराळी आहे आणि ती भुलाबाईपासून सुरू होते.

पुण्याकडे जो भोंडला म्हणतात, तशातलीच विदर्भातली भुलाबाई. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे आणि पुढे महिनाभर, कोजागिरीपर्यंत, रोज संध्याकाळी पोट्ट्यांनी, म्हणजे मुलींनी, जमून गाणी म्हणायची. गाणी झाली की खाऊ. पण खाऊ असा सरळ हातात पडत नाही. घरची बाई बंद डबा घेऊन येते, तो खुळखुळ वाजवते, आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. शेंगदाणे वेगळे वाजतात, फुटाणे वेगळे. करंजी डब्याच्या कडेला धडकते. मुरमुरे नुसतेच कुजबुजतात. लाडू असला की एकदाच धप्प.

शारदाकाकू मोर्शीहून लग्न होऊन रायपूरला आल्या त्या एकोणीसशे एकोणऐंशीत. नवरा, नरहरराव, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. माणूस चांगला, कमी बोलणारा, तपकिरीचा शौकीन. मूलबाळ झालं नाही. पहिली पाच वर्षं काकूंनी वाट पाहिली, डॉक्टर केले, नवस केले, आणि सहाव्या वर्षी मोर्शीहून आईचा पितळी डबा आणि भुलाबाईची जोडी घेऊन आल्या. पाऱ्यातल्या मराठी घरांत सांगून आल्या, "आजपासून माह्या घरी भुलाबाई बसन. पोट्ट्या पाठवा."

आणि पोट्ट्या आल्या हो! पहिल्या वर्षी सहा, पाचव्या वर्षी वीस-बावीस. रेल्वेतल्यांच्या, कलेक्टर ऑफिसातल्यांच्या, मास्तरांच्या. जिन्यात चपला मावायच्या नाहीत. घरमालक वैतागायचा, "भाभीजी, छत गिर जाएगी." काकू म्हणायच्या, "गिरेगी तो हम भी साथ में गिरेंगे, भैया, तुम काहे डरते हो?"

काकूंच्या घरच्या खेळाला दोन नियम होते, दोन्ही त्यांनीच केलेले. पहिला असा की कोजागिरीला जी ओळखायला चुकेल, तिनं अंगावरची एक बारीकशी वस्तू काकूंकडे गहाण टाकायची. रिबिनीचा चाप, फ्रॉकचं बटण, कानातला खडा, काहीही. पुढच्या कोजागिरीला बरोबर ओळखलं की वस्तू परत. नरहररावांच्या तपकिरीच्या आणि घरातल्या इतर रिकाम्या डब्या या कामी यायच्या. आत वस्तू, झाकणावर काहीच नाही. नाव कशाला लिहायचं? हलवली की कळतंच.

दुसरा नियम असा, की डबा वाजलाच पाहिजे. एकदा खाऊची पाळी शर्मिष्ठाच्या घरची होती. तिनं लबाडीनं डब्यात वर्तमानपत्र कोंबून आणलं. काकूंनी सगळ्यांदेखत झाकण काढलं, कागदाचा बोळा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे रडीचं काम माह्या घरी चालत नाही. जा, नीट भरून आन." पोट्टी मुसमुसत गेली आणि नीट भरून घेऊन आली. तेव्हापासून पाऱ्यात एक गोष्ट पक्की झाली. शारदाकाकू रागावतील, ओरडतील, कान पिळतील, पण खेळात खोटं करणार नाहीत.

बहुतेकींनी आपापल्या वस्तू सोडवून नेल्या. ज्यांच्या वडिलांची अधेमधे बदली झाली, किंवा ज्यांची लग्नं होऊन गेली, त्यांच्या राहिल्या. त्या या एकोणीस.

पुढं काय झालं ते वेगळं सांगायला नको. ट्यूशन आल्या, टीव्ही आला, मराठी घरं समता कॉलोनीकडे आणि कुठं कुठं सरकली. एका वर्षी चार पोट्ट्या आल्या, पुढच्या वर्षी दोन. त्या दोघी आपसात हिंदीत बोलत होत्या आणि गाण्याच्या मध्येच एकीचा क्लास होता म्हणून उठून गेल्या. त्यानंतर कोणी आलं नाही. तीन वर्षांनी नरहरराव गेले. काकू मात्र दर भाद्रपदात भुलाबाई मांडतात, खिडकी लावून एकच गाणं हळू आवाजात म्हणतात, पितळी डबा स्वतःच भरतात आणि स्वतःच हलवतात. आत काय आहे ते अर्थातच त्यांना ठाऊक असतं. तरीही हलवतात.

बाकी दिवस जातो हातांत. साडीला फॉल लावायचं काम त्या अजून करतात, तेही सुईनं, मशीननं नाही. ज्या दोन-चार बायकांना हातची टीप कळते त्या अजून जिना चढून येतात. दुपारी कापूस पिंजून वाती वळतात. मिठाईच्या डब्याचा दोरा कापत नाहीत, गाठ सोडवतात आणि दोरा गुंडाळून ठेवतात. एवढं करूनही संध्याकाळ उरतेच. खाली सोनिया नावाची बँकेतली पोरगी भाड्यानं राहते. ती स्कूटी सुरू करताना "नमस्ते काकू" म्हणते. दिवसातलं बोलणं बरेचदा तेवढंच.

अशात, यंदा दसऱ्याच्या आधी, काकूंचा बटणांचा फोन वाजला.

"काकू, पहचाना? गंधाली. रेल्वे कॉलोनीतली. आत्ता हैदराबादला असते."

काकू खाटेवर बसल्या. गंधाली! सातवीतली, दोन वेण्यांची, कानानं तिखट. कोजागिरीला एकदाच चुकली, गूळपापडीला शंकरपाळे म्हणाली, आणि पैंजणाची घुंगरी काढून दिली. त्याच दिवाळीत वडिलांची बिलासपूरला बदली झाली. तिची डबी तपकिरीची. एकोणिसांतली ती एकटीच गाते. बाकीच्या नुसत्या वाजतात.

"तुह्या आवाजाले काय झालं, गंधाली? जाडा झाला."

"काकू, मी छत्तीसची झाली!" ती हसली. "सुनो, शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे रायपूरला. कोजागिरीला मी तिथंच आहे. मंजिरीलाही आणते, माझी मुलगी. माझी घुंगरी आहे ना तुमच्याकडे? या वेळी जिंकून नेणार, बरं का! अजून खाऊ ओळखता येतो मला."

"ये," काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि भर दुपारी डब्या काढून बसल्या.

आठ दिवस काकू वेगळ्याच होत्या. जिना धुतला. भुलाबाईच्या मूर्तीचा उडालेला रंग कुंकवानं आणि हळदीनं सावरला. सोनियाला थांबवून सांगितलं, "मेरी बच्ची आ रही है, हैदराबाद से." सोनिया म्हणाली, "अच्छा काकू, बढ़िया." आणि स्कूटी काढून गेली.

खाऊ काय करायचा, हा विचार वाती वळता वळता सुरू झाला. ठेठरी करावी का? बेसनाची ती छत्तीसगढी ठेठरी डब्यात कडकड वाजते, पोट्टी एका दमात ओळखेल. गव्हाची गोड खुरमी? तीही ओळखेल. साखरफुटाणे? ते तर तिच्या आवडीचे. काकूंनी मनातल्या मनात एकेक खाऊ डब्यात घालून वाजवला, आणि प्रत्येक वेळी गंधाली मनातल्या मनात टाळी वाजवून म्हणाली, "ओळखलं!"

मग काय होईल? घुंगरी घेऊन जाईल. हक्कानं. हसत हसत, मिठी मारून, आणि मग तिला इथं यायला काही कारण उरणार नाही. बावीस-तेवीस वर्षं त्या पोरीला रायपूरची आठवण राहिली ती कशामुळं? काकूंमुळं? काकूंना स्वतःलाही तसं वाटत नव्हतं. काहीतरी अडकून राहिलं होतं म्हणून. ते सुटलं की संपलं. आणि हरली, तर पुढच्या कोजागिरीला यावं लागेल.

हे मनात आलं तेव्हा काकूंच्या मांडीवर कापूस होता. पांढराशुभ्र, पिंजलेला, हातभर. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचे कान तापले. सत्तरीला टेकलेली बाई, आणि मनात आलं काय, तर ज्या गोष्टीसाठी शर्मिष्ठाला सगळ्यांदेखत रडवलं होतं ती. त्यांनी कापूस बाजूला सारला, उठून पाणी प्यायल्या, स्वतःला चार शिव्या घातल्या.

पण कोजागिरीच्या दुपारी त्यांनी डब्यात तळाशी कापूस घातला. वर पाच बत्तासे ठेवले, हलके, फुलासारखे. मध्ये कापूस, वर कापूस, झाकणापर्यंत. झाकण लावलं. कानाशी नेऊन हलवला. काही नाही. डबा पितळेचा, जाड, आईच्या वेळचा. पाच बत्ताश्यांचं वजन त्यात कोणाला जाणवणार? आयुष्यात पहिल्यांदा शारदाकाकूंनी रडीचा डाव मांडला. देवाकडे त्यांनी पाहिलं नाही.

मनात एक कोपरा मात्र वेगळंच म्हणत होता. गंधाली तिखट आहे. ती डबा हलवेल, डोळे वटारेल आणि ओरडेल, "काकू, चीटिंग! कोंबलंय काहीतरी!" मग आपण पदर तोंडाला लावून हसायचं. म्हणायचं, हो गं बाई, केली चीटिंग, तू जाऊ नये म्हणून केली. हे सगळं त्यांनी तीन वेळा मनात घोकलं. कबूल करायलासुद्धा कोणीतरी लागतं, आणि ते येणार होतं.

सहाच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. गंधाली आली ती अख्खी खोली भरून. गोल झालेली, केस कापलेले, हातात मोठा फोन. पाया पडली, गळ्यात पडली. "काकू, सब वैसा का वैसा है! हीच खाट, हेच घड्याळ!" तिच्यामागे सात वर्षांची मंजिरी, दारातच उभी.

"इकडं ये वं, पोट्टी. तुले भूक लागली काय?"

मंजिरीनं आईकडे पाहिलं. "मम्मी, क्या बोल रही हैं?"

"मराठी समझती है," गंधाली घाईनं म्हणाली, "बोलत नाही फक्त. काकू, मला साडेसातला निघायचं आहे, फ्लाइट आहे. टॅक्सी खालीच थांबवली आहे. आधी खेळू या ना!"

गाण्याची पहिली ओळ दोघींनी मिळून म्हटली, दुसरी गंधालीला आठवली नाही, तिसरी काकूंनी एकटीनं संपवली. मंजिरीनं त्याचा व्हिडिओ काढला. मग काकूंनी पितळी डबा आणला. खरं तर डबा वाजवत आणायचा असतो. काकूंनी तो पोटाशी धरून आणला आणि गंधालीच्या हातात ठेवला.

गंधालीनं डोळे मिटले. अगदी सातवीतल्यासारखे, घट्ट. डबा कानाशी नेला. हलवला.

परत हलवला. उभा, आडवा. डोळे उघडले.

"मम्मी, मुझे दो ना," म्हणत मंजिरीनं डबा ओढला, दोन्ही हातांनी जोरात हलवला आणि म्हणाली, "ये तो खाली है!"

काकू वाट पाहत होत्या. आता म्हणेल. आता डोळे वटारेल. त्यांच्या ओठांवर हसूसुद्धा आलं होतं.

गंधालीनं काकूंच्या त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा स्वतःचा चेहरा हळूहळू उतरला. शारदाकाकू खोटं करतील हे त्या पोरीच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. कसं शिवेल? शर्मिष्ठाच्या हातावर कागदाचा बोळा ठेवला तेव्हा ती तिथंच बसली होती. काकूंचा डबा वाजत नाही याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता. काकू डबा भरायला विसरल्या, आणि विसरल्या हेही त्यांना ठाऊक नाही.

"मंजिरी, चुप," ती दबक्या आवाजात म्हणाली. मग काकूंकडे वळून, मोठ्या गोड आवाजात, "काकू, मी सांगू? लाडू!"

लाडू? लाडवाचा धप्प आवाज ही ओळखत नाही होय? त्यांना कळलं. ही मुद्दाम चुकते आहे, आपल्याला सांभाळून घेते आहे.

"चुकली," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"हरले मी," गंधाली म्हणाली. तिनं डबा मंजिरीच्या हातून अलगद काढून घेतला आणि कोनाड्यात ठेवून दिला, झाकणाला हात न लावता. काकूंची लाज राहावी म्हणून. मग जवळ येऊन बसली आणि काकूंचा हात हातात घेतला. "काकू, गॅस आठवणीनं बंद करता ना?"

"काहून? करते ना."

"औषधं कोण देतं? जेवण रोज करता? कधी रस्ता वगैरे चुकल्यासारखं होतं का?" तिचा आवाज फाटला. "आईचं असंच सुरू झालं होतं, काकू. रिकामा कुकर गॅसवर ठेवायची आणि आम्हाला म्हणायची, वरण झालं की बसा जेवायला. आम्ही हसायचो. कळलंच नाही आम्हाला. शेवटी तर मला ताई म्हणायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

काकूंना हे ठाऊक नव्हतं. गंधालीची आई! कोजागिरीला दूध आटवून पाठवायची ती. काकूंचा हात गंधालीच्या हातात होता, आणि कोनाडा दोन पावलांवर. उठायचं, झाकण काढायचं, कापूस दाखवायचा, एवढंच. मी विसरले नाही गं, लबाडी केली. पण आता ते हसून सांगण्याजोगं राहिलं नव्हतं. रडणाऱ्या पोरीला सांगायचं की तुझी आई ज्यात गेली त्याचं मी तुझ्यापुढं सोंग मांडून बसले आहे? आणि का, तर तू परत यावीस म्हणून? काकूंनी दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. गंधालीला वाटलं, काकू गोंधळल्या.

खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. कितीतरी वर्षांत कोणी त्यांचा हात इतका वेळ धरून बसलं नव्हतं.

सव्वासातला टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. काकूंनी तपकिरीची डबी पुढं केली. "घुंगरी..."

"हरले ना मी," गंधाली म्हणाली, लहान लेकराशी बोलावं तशी. "तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या कोजागिरीला येईन. पक्का." मोबाइलवर तिनं घुंगरीचा फोटो घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेननं मोठ्या अक्षरांत आपला नंबर लिहिला. जाताना खाली सोनियाचं दार वाजवलं. काकू वर कठड्याशी उभ्या होत्या, त्यांना सगळं ऐकू आलं. "दीदी, ज़रा ध्यान रखिएगा. अकेली हैं. भूलने लगी हैं."

हवं होतं ते अगदी तसंच पदरात पडलं होतं. गंधाली हरली होती आणि पुढच्या वर्षी येणार होती. काकूंनी डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि पाचही बत्तासे उभ्या उभ्या खाल्ले. चव लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सोनिया वर यायला लागली. "काकू, खाना खाया? गैस देख लूँ?" काकूंना आधी राग आला, मग तिच्यासाठी चहाचं आधण जास्तीचं ठेवायला लागल्या.

आणि रविवारी सकाळी नऊला गंधालीचा फोन आला. तिनं कुठल्याशा डॉक्टरला विचारलं होतं. गप्पांच्या ओघात, कळू न देता, ती एकेक प्रश्न घालत होती. "काकू, आज वार कोणता? काल काय केलं होतं जेवायला? नरहरकाका कोणत्या साली रिटायर झाले?" काकूंना मनातून हसू आलं, आणि त्यांनी खाडखाड उत्तरं दिली. वार सांगितला, तिथ सांगितली, काल भेंडी होती आणि ती जरा जून निघाली हेही सांगितलं. लबाडी एकदा केली ती केली, पुन्हा नाही, असं त्यांनी कोजागिरीलाच ठरवलं होतं.

"अरे वा, काकू!" गंधालीचा जीव भांड्यात पडला तो फोनमधूनसुद्धा ऐकू आला. "तुम्ही तर एकदम ठणठणीत! मी उगाच घाबरले. त्या दिवशी धावपळीत राहून गेलं असेल."

"हव. राहून गेलं असन."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. काकू नऊपासून खाटेवर बसून होत्या, अकराला उठल्या आणि कुकर लावला. सोमवारीही आला नाही. मग त्यांनीच कॅलेंडरवरचा नंबर एकेक आकडा दाबून लावला. "काकू, मीटिंगमध्ये आहे, सब ठीक ना? करते मी नंतर," गंधाली म्हणाली. केला नाही. ठणठणीत माणसाला कोण रोज फोन करतं? तिचा काय दोष? सोनियाचंही येणं कमी झालं, मग परत स्कूटीवरून "नमस्ते काकू." दिवाळी आली. काकूंनी चकल्या केल्या आणि निम्म्या शेजारी वाटल्या. दिवाळी गेली.

कार्तिकातल्या एका रविवारी सकाळी फोन वाजला. काकू फॉल लावत होत्या, सुई बोटात रुतली.

"काकू, सॉरी हं, इतके दिवस जमलंच नाही. कशा आहात? ठीक ना सगळं?" मागून मंजिरीचा आवाज येत होता, चलो ना मम्मी, देर हो रही है. गंधालीला घाई होती. दोन मिनिटांचा फोन होता तो, काकूंना कळत होतं. "बरं, आज वार कोणता, सांगा पाहू?" ती हसत म्हणाली, नुसती गंमत म्हणून, ठेवता ठेवता.

समोर कॅलेंडरवर तांबडा रविवार होता. खाली सोनियाची बँक बंद म्हणून तिचं रविवारचं कपडे आपटणं सुरू होतं. काकूंनी बोटावर आलेला रक्ताचा थेंब पुसला. त्यांना गंधालीच्या आईची आठवण आली, तिनं पाठवलेल्या दुधाची आली, आणि डोळे भरून आले. तरी त्यांनी जरा वेळ जाऊ दिला.

"आज ना..." त्या म्हणाल्या. "आज बुधवार नाही काय?"

तिकडचं हसणं थांबलं. "मंजिरी, तू जा नीचे, मैं आती हूँ," असं कोणीतरी खालच्या आवाजात म्हणालं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काकू," गंधाली अगदी हळू म्हणाली, "मला काही घाई नाही. बसलेय मी. सांगा, सकाळपासून काय काय केलं?"

काकूंनी पाय वर घेतले, भिंतीला टेकून बसल्या, आणि सांगायला लागल्या.